पाळी उशिरा का येते? १३, १५ आणि ३ हे आकडे लक्षात ठेवू या



मागे दिवेआगरला एका गटाची बैठक संपली. हजेरी झाली, बचत मोजून झाली, वहीवर सह्या झाल्या. सगळ्या घरी निघाल्या तरी एक काकी सतरंजीची घडी घालत मागे रेंगाळल्या. कोणी ऐकत नाही असं बघून हळूच म्हणाल्या, "मॅडम, पोरीला सोळावं लागलंय. अजून न्हाण नाही आलं. सासूबाई म्हणतात, आमच्यात उशिराच येतं. कोणाला सांगू नका हां."

काकींची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असं सगळं वगळून हे लिहिते आहे. कारण हा प्रश्न एकट्या काकींचा नाही. पाळी आली की काय करायचं, यावर आपण आता बैठकीत मोकळेपणाने बोलतो. पॅडवर बोलतो, स्वच्छतेवर बोलतो. पण पाळी आलीच नाही तर? त्यावर कोणीच बोलत नाही. आई मनातल्या मनात महिने मोजत बसते आणि मुलगी शाळेत मैत्रिणींशी खोटं बोलते, की मला पण येते.

"आमच्यात उशिराच येतं" हे वाक्य खरं असू शकतं. माझंच उदाहरण सांगते. माझी पाळी मला पंधरा वर्षं पूर्ण होऊन तीन महिने झाल्यावर आली. माझ्या आईचीही उशिराच आली होती. पण आईने तेवढ्यावर सोडलं नाही. पंधरावा वाढदिवस झाल्यावर मला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी उंची-वजन बघितलं, चार प्रश्न विचारले आणि सांगितलं, "वाढ नीट चालू आहे, थोडं थांबा." आम्ही थांबलो.

पण हेच वाक्य कधी कधी महागातही पडतं. एमएसडब्ल्यू करताना एका गावात मला एक मुलगी भेटली. छाती भरलेली, उंची चांगली, पाळी नाही. दर महिन्याला मात्र तीन-चार दिवस ओटीपोटात इतकं दुखायचं की ती अंथरुणावरून उठत नसे. घरचे म्हणत, उशिराच येतं आमच्यात, आणि पोटदुखीला बाहेरचं काही तरी म्हणून उतारा टाकत. पुढे सोनोग्राफी झाली तेव्हा कळलं की पाळी कधीच सुरू झाली होती. बाहेर यायची वाट तेवढी बंद होती. रक्त महिनोन् महिने आतच साठत होतं. लहानशा शस्त्रक्रियेने वाट मोकळी झाली. पण तोवर त्या पोरीने एक अख्खं वर्ष ते दुखणं काढलं होतं.

म्हणजे वाक्य एकच. एका घरात बरोबर, दुसऱ्या घरात चूक. मग आपण ओळखायचं कसं?

आधी बघू, वयात येणं म्हणजे काय

पाळी ही सुरुवात नाही, ती बऱ्याच नंतरची पायरी आहे. मुलींमध्ये हा बदल साधारण ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान सुरू होतो. बहुतेकींना आधी छातीवर, स्तनाग्राखाली, सुपारीएवढी नाजूक गाठ लागते. कधी आधी एकाच बाजूला येते. ती बघून बऱ्याच आया घाबरतात, पण ती वाढीची खूण आहे. मग काखेत आणि खाली केस येतात. उंची झपाट्याने वाढते, ड्रेस आखूड होतात. हे सुरू झाल्यावर साधारण दोन-तीन वर्षांनी पाळी येते. आपल्याकडे बहुतेक मुलींना ती १२ ते १४ च्या आसपास येते. कोणाला थोडी आधी, कोणाला थोडी नंतर.

म्हणून फक्त "पाळी आली का" एवढंच बघायचं नाही. त्याच्या आधीच्या पायऱ्या चढल्या का, हेही बघायचं.

तीन आकडे

घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

१३ – तेरा वर्षं पूर्ण झाली आणि छातीला उभार यायला सुरुवातच झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवायचं.

१५ – पंधरा वर्षं पूर्ण झाली आणि पाळी आली नाही, तर बाकी सगळं ठीक दिसत असलं तरी दाखवायचं.

३ – छातीला उभार सुरू होऊन तीन वर्षं झाली आणि पाळी नाही, तर दाखवायचं. म्हणजे दहाव्या वर्षी उभार आला असेल तर तेरा झाल्यावरच जायचं, पंधराची वाट बघायची नाही.

आणि एक गोष्ट आकड्याविना. पाळी नाही, पण दर महिन्याला ओटीपोटात दुखतं, लघवीला अडतं किंवा पोटात खाली गोळा लागतो, तर वय कितीही असो, लगेच जायचं.

दाखवायचं म्हणजे आजार आहेच असं नाही. या मुलींपैकी बऱ्याच जणींचा फक्त उशीर असतो. पण तो "फक्त उशीर" आहे हे तपासणीवरून ठरवायचं, सासूबाईंच्या किंवा माझ्या अंदाजावरून नाही.

उशीर कुठे होतो? वाडीच्या शिंपणावरून समजून घेऊ

वाडीला पाणी द्यायला काय काय लागतं? आधी वीज. मग कोणीतरी बटण दाबायचं. मग पंप चालायला हवा. आणि शेवटी पाट मोकळा हवा. झाडाच्या मुळाशी पाणी आलं नाही तर आपण एक-एक करून बघतो, अडलंय कुठे. डॉक्टरही तसंच बघतात.

वीज म्हणजे शरीरातली ताकद. पोटात पुरेसं अन्न आणि अंगात थोडा चरबीचा साठा असल्याशिवाय शरीर पाळी सुरू करत नाही. जेमतेम जगायला पुरतंय, तर ते हे काम पुढे ढकलतं. त्यामुळे कमी वजन आणि अपुरं जेवण हे उशिराचं एक मोठं कारण आहे. घरात सगळ्यांच्या शेवटी जेवणारी मुलगी, सकाळी नुसत्या चहावर शाळेत जाणारी मुलगी, उपवासावर उपवास करणारी मुलगी, जाड होईन म्हणून अर्धी भाकरी परत ठेवणारी मुलगी, या सगळ्या यात येतात. खूप सराव करणाऱ्या खेळाडू मुलीसुद्धा. आपल्या रायगडात कबड्डीचं वेड आहे आणि ते चांगलंच आहे. पण रोज दोन तास मैदानावर आणि ताटात मात्र भात नि आमटी, असं असेल तर शरीराचा हिशेब जमत नाही. खेळ बंद करू नका, जेवण वाढवा.

लांबलेला आजारही ही ताकद खातो. क्षयरोग, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार, लहानपणापासूनचा मधुमेह, गहू न पचण्याचा सिलिअ‍ॅक आजार, थॅलेसेमिया, सिकलसेल. सिकलसेल हा रक्ताचा आजार आईवडिलांकडून येतो आणि महाराष्ट्रातल्या आदिवासी समाजात जास्त आढळतो. लहानपणी कर्करोगाचे उपचार झाले असतील तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.

बटण मेंदूत असतं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी आहे. ती अंडाशयाला निरोप पाठवते. ज्या घरात उशिराच येतं, तिथे बहुधा हे बटणच उशिरा दाबलं जातं, आणि दाबलं की पुढे सगळं नीट चालतं. पण थायरॉइड कमी पडलं तरी हे काम मंदावतं. अशा मुलीची उंची थांबते, ती सतत थकलेली असते, थंडी जास्त वाजते, शौचाला कडक होतं. मुलीचं डोकं वारंवार दुखत असेल, नजर कमी झाली असेल, किंवा छातीतून दुधासारखं पाणी येत असेल तर ते लपवू नका. आणखी एक प्रश्न तुम्हाला विचित्र वाटेल. तिला वास येतो का? अंगणात सुकट वाळत घातलीय आणि हिला पत्ताच नाही, असं आहे का? वास न येणं आणि वयात न येणं या दोन गोष्टी काही मुलींमध्ये जन्मापासून जोडलेल्या असतात.

पंप म्हणजे अंडाशय. काही मुलींमध्ये अंडाशय जन्मतःच नीट काम करत नाहीत. यातलं एक कारण म्हणजे टर्नर सिंड्रोम. साधारण दोन ते अडीच हजार मुलींमागे एकीला तो असतो. या मुली वर्गात सगळ्यात बुटक्या राहतात, पण बुद्धीने बहुधा इतरांसारख्याच असतात. लवकर कळलं तर उंचीसाठी आणि वाढीसाठी उपचार मिळतात. हृदय आणि मूत्रपिंडही तपासून घेता येतं. उशिरा कळलं तर उंचीसाठीची वेळ निघून गेलेली असते.

पाट म्हणजे गर्भाशय, आपण जिला पिशवी म्हणतो ती, आणि योनीमार्ग. वर सांगितलेल्या मुलीसारखा कधी मार्ग पडद्याने बंद असतो. आणि साधारण साडेचार-पाच हजार मुलींमागे एकीमध्ये पिशवी तयारच झालेली नसते. तिची छाती भरते, केस येतात, अंडाशयं चांगली असतात, पण पाळी येत नाही आणि येणारही नाही. हे ऐकणं आईला फार जड जातं. पण यात कोणाचाही दोष नाही. गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही म्हणून हे झालं नाही. कोणाची नजर लागून झालं नाही. ती मुलगी पूर्ण मुलगीच आहे. ती शिकू शकते, कमवू शकते, हवं तर लग्न करून संसार करू शकते. फक्त तिला हे खरं, प्रेमाने आणि वेळेवर कळायला हवं.

थांबून राहिलं तर काय बिघडतं?

निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, आपल्या वाड्या आडव्या झाल्या. नंतर लावलेल्या सुपारीच्या रोपांकडे तुम्ही रोज बघता. एखादं रोप मागे राहिलं तर तुम्ही थांबता. पण ज्याला नवी झावळीच फुटत नाही, त्याचं मूळ तुम्ही उकरून बघताच. मुलीचंही तसंच आहे.

वयात येताना अंडाशयातून जे संप्रेरक तयार होतं, ते फक्त पाळीसाठी नसतं. हाडं मजबूत होतात तीही त्यामुळेच. ते वर्षानुवर्षं मिळालं नाही तर हाडं ठिसूळ राहतात. आतला आजार असेल तर तो मधल्या काळात वाढत जातो. आणि मुलीच्या मनाचं काय? "माझ्यातच काहीतरी कमी आहे" हे ओझं ती एकटीच वाहत असते.

हे मात्र करू नका

मेडिकलमधून पाळी यायच्या गोळ्या आणून देऊ नका. कारण न शोधता दिलेली संप्रेरकाची गोळी कधी कधी नुसतंच रक्त आणते, मूळ दुखणं तसंच राहतं. चुकीच्या वेळी दिलेल्या संप्रेरकांनी उंची वाढायचीही लवकर थांबू शकते.

पपई, तीळ, गूळ खायला हरकत नाही, अन्न म्हणून ते चांगलंच आहे. पण बंद वाट पपईने उघडत नाही.

पाळी आली नाही म्हणजे गर्भ राहणारच नाही, असं समजू नका. पहिल्या पाळीच्या आधीही बीज बाहेर पडू शकतं. म्हणून डॉक्टर कधी लघवीची तपासणी सांगतात. रागावू नका, तो तपासणीचा भाग आहे. आणि मुलीला कोणी त्रास दिल्याची शंका आली तर तिला दोष न देता १०९८ या चाइल्डलाइन क्रमांकावर फोन करा.

"लग्न झालं की येईल" असं तर अजिबात म्हणू नका. लग्न हे औषध नाही.

ही भीती येते कुठून?

काकींना सगळ्यात मोठी काळजी होती, "उद्या स्थळं यायला लागली की काय सांगायचं?" ही काळजी फार जुनी आहे. पूर्वी लहानपणीच लग्न व्हायचं आणि न्हाण आलं की मुलगी मखरात बसवून मग सासरी धाडायची. पाळी म्हणजे सासरी जायचा परवाना. मुंबईच्या रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं होतं. मोठं झाल्यावर त्यांनी नांदायला जायला नकार दिला. १८८४ मध्ये नवऱ्याने खटला भरला. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. पुढे तडजोड झाली, रखमाबाई विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या आणि त्यांनी बायकांसाठी दवाखाने चालवले. त्याच काळात वाद पेटला आणि १८९१ मध्ये संमतीवयाचा कायदा झाला. त्या कायद्याने वय किती केलं? दहाचं बारा! त्यावरही केवढा गदारोळ झाला होता.

आज कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय १८ आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या शंभर बायकांमागे सुमारे २२ जणींचं लग्न १८ च्या आत झालेलं दिसलं. पाळी हा लग्नाचा परवाना आहे ही समजूत मनातून गेली, की पाळी लवकर आली म्हणून घाई होणार नाही आणि उशिरा आली म्हणून लाज वाटणार नाही.

कुठे जायचं, तिथे काय होतं?

पहिल्यांदा आपल्या आशाताई किंवा उपकेंद्राच्या सिस्टर यांना सांगा. शाळेत आणि अंगणवाडीत मुलं तपासायला जे पथक येतं, ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं असतं. २०१३ पासून सुरू असलेल्या या कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतची मुलं येतात आणि किशोरी मुलींना विचारायच्या प्रश्नांत पाळी लांबल्याचाही प्रश्न आहे. मुलीला सांगून ठेवा, त्या दिवशी लाजू नको. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलामुलींसाठी "मैत्री" क्लिनिक असतं, त्याचीही चौकशी करा. पुढची तपासणी लागली तर श्रीवर्धन, मग अलिबागचं जिल्हा रुग्णालय, आणि गरज पडली तर मुंबईत केईएम किंवा परळचं लहान मुलांचं वाडिया रुग्णालय.

आयांना धास्ती असते ती आतल्या तपासणीची. म्हणून नीट सांगते. आधी उंची, वजन आणि प्रश्न. मग रक्त तपासतात, त्यात हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि संप्रेरकं. हाताच्या पंजाचा एक्स-रे काढतात, त्यावरून हाडांचं वय कळतं. सोनोग्राफी पोटावरून होते, लघवी भरलेली ठेवून. बाहेरून बघायची गरज पडली तर आधी विचारतात. महिला डॉक्टर किंवा सिस्टर सोबत हवी, असं तुम्ही हक्काने सांगा. काही मुलींना गुणसूत्रांची रक्ततपासणी सांगतात.

जाताना एका कागदावर लिहून न्या: मुलीची जन्मतारीख, उभार साधारण कधी सुरू झाला, गेल्या दोन वर्षांत उंची किती वाढली, लहानपणचे आजार, चालू औषधं, आणि आईला, मावशीला, आत्याला पाळी कोणत्या वर्षी आली. वडिलांनाही विचारा, मिसरूड फुटायला नि उंची वाढायला उशीर झाला होता का. हा उशीर वडिलांकडूनही येतो.

प्रवासाला पैसे नसतील तर गटाचं अंतर्गत कर्ज आहे, ग्रामसंघाचा जोखीम प्रवणता निधी आहे. आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहे ते कशासाठी? शेळीला ताप आला तर आपण पशुसखीला त्याच दिवशी बोलावतो.

आणि घरात आजपासून करायचं काम. मुलीला सगळ्यांबरोबर वाढा. सकाळी नाचणीची भाकरी किंवा आंबील, दुपारी डाळ नाहीतर कुळथाची पिठी, आठवड्यातून काही वेळा अंडं, बांगडा, सुकट, पालेभाजीवर लिंबू. त्याच पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं. शाळेत किंवा अंगणवाडीत आठवड्याला मिळणारी निळी गोळी जेवणानंतर घ्यायला लावा, चहाबरोबर नको. जंताची गोळीही चुकवू नका.

शेवटी काकींचं. त्या दिवशी मी एकच विचारलं, "पोरीची उंची वाढतेय का?" त्या म्हणाल्या, "नाही ओ, दोन वर्षांमागचा शाळेचा ड्रेस अजून होतो. म्हटलं, बरं झालं, शिलाई वाचली." सांगता सांगता त्याच गप्प झाल्या. पुढच्या आठवड्यात दोघी श्रीवर्धनला गेल्या. मुलीचं थायरॉइड खूपच कमी निघालं. आता ती रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घेते आणि वेळोवेळी रक्त तपासते. पाळी अजून आलेली नाही, डॉक्टर म्हणालेत थोडा धीर धरा. पण ड्रेस आखूड व्हायला लागलाय.

आणि या बैठकीत काकी सतरंजीची घडी घालत मागे राहिल्या नाहीत. हजेरी झाल्यावर स्वतःच म्हणाल्या, "मला एक सांगायचंय." म्हणूनच मी हे लिहिलं. हा लेख पुढच्या बैठकीत मोठ्याने वाचा, आणि ज्यांच्या घरी तेरा वर्षांपुढची मुलगी आहे त्यांनी घरी जाऊन तिच्याशी पाच मिनिटं बोला.

तुमची,
क्षेत्र समन्वयक